सरांच्या नावावर माझा वर्ग

नोकरीच्या अखेरीला मी कच्ची शिक्षिका ठरले. हे मी म्हणत नाही, तसा अहवाल आहे. अर्थशास्त्रात मोठं काम केलेल्या एका बाईंनी तो तयार केला. त्यात आमच्या शाळेचं नाव नाही, माझंही नाही. पण प्रत्येक शाळेला आपापला निकाल बंद पाकिटातून आला. आमच्या मोठ्या बाईंनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि मला म्हणाल्या, “चहा घेतेस?”

मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. आमच्या मोठ्या बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागतात, पण पद्धत म्हणजे पद्धत. स्वतःहून चहा विचारायची मात्र त्यांची पद्धत नव्हती. मी खुर्ची ओढून बसले.

पण हे शेवटचं झालं. आधीचं सांगते.

शाळा वाकोल्यात, पालिकेची, मराठी माध्यमाची. मुंबईत मराठी माध्यमाची शाळा चालवायची म्हणजे आधी मुलं गोळा करायची. मे महिन्यात लोक हापूसच्या पेट्या शोधतात, आम्ही वस्तीतून पहिलीच्या वयाची मुलं शोधतो. दारात उभं राहून सांगायचं, गणवेश फुकट, दप्तर फुकट, पुस्तकं फुकट. आई विचारते, “इंग्लिश आहे ना?” आपण म्हणायचं, आहे ना, पहिलीपासून आहे. मग ती आपल्याला पाणी देते. मी राहते बोरीवलीत. आमच्या सोसायटीतलं एकही मूल अशा शाळेत जात नाही आणि का जात नाही असं मी कधी कोणाला विचारलं नाही. माझी स्वतःची मुलगी कुठे शिकली हे तुम्हीही विचारू नका.

आमच्या शाळेत एक रिवाज आहे. कुठल्याही परिपत्रकात तो सापडायचा नाही, पण मी नोकरीला लागले तेव्हापासून चालू आहे. पहिलीला जो वर्ग हाती येतो तो चौथीपर्यंत आपणच वर न्यायचा. पहिलीत ज्याचं नाक पुसलं त्याला चौथीत भागाकारही आपणच शिकवायचा. चौथी झाली की मुलं वरच्या मजल्यावर पाचवीत जातात आणि बाई नवी पहिली घेतात. पहिले काही दिवस जिन्यात जुनी मुलं भेटली की डोळ्यांत पाणी येतं, नंतर नवी मुलं इतका जीव खातात की रडायला सवड मिळत नाही.

त्या वर्षी जूनपासून चौथीच्या दोन तुकड्या होणार होत्या. अ माझी आणि ब शेजारच्या सरांची. सर माझ्यापेक्षा बरेच लहान. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर रखवालीचं काम करून त्यांनी मुलाला शिकवलं. मूळचे मालवणकडचे. माणूस शांत, एरवी शुद्ध पुस्तकी बोलणार, पण घाबरले किंवा खूश झाले की मालवणीत सुरू. त्यामुळे सरांच्या मनात काय चाललंय ते ओळखायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

माझ्या अ तुकडीत एक मुलगी होती. ती वर्गात बोलत नसे. घरी बोलायची, गल्लीत तर भांडायचीसुद्धा, पण वर्गाचा उंबरा ओलांडला की तोंड बंद. पहिलीत मी तिला रागावून पाहिलं, गोळ्या देऊन पाहिलं, आईला बोलावून पाहिलं. आई म्हणाली, “घरी तर नळासारखी वाहते हो.” शेवटी एक दिवस मी कंटाळून म्हटलं, बरं, मला कानात सांग. ती टेबलापाशी आली, माझ्या कानाला हाताचा आडोसा केला आणि उत्तर सांगितलं. बरोबर होतं. तेव्हापासून तो नियमच झाला. मुलांनाही त्याचं काही वाटेना. कोणी नवीन मूल आलं की बाकीची त्याला सांगत, “तिला विचारायचं नाही, ती बाईंना कानात सांगते.” तिसरीच्या शेवटी ती दोन मैत्रिणींना पुस्तकातलं हळू आवाजात वाचून दाखवायला लागली होती. चौथीच्या वर्षात ही उभी राहून मोठ्याने बोलणार, अशी माझी खात्री होती. वर पाचवीत गेली की प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, तासाला घंटा, तिथे कान द्यायला कोणाला वेळ आहे. माझ्या हातात ते एक वर्ष होतं आणि मला ते हवं होतं. इतकी साधी गोष्ट आहे.

आणि नेमक्या त्याच जूनमध्ये अर्थशास्त्रवाल्या त्या मॅडम संशोधनाला आल्या.

मॅडम मुलुंडच्या. शिक्षण परदेशात झालेलं, पण मराठी स्वच्छ. आमच्याशी बोलताना एकही इंग्रजी शब्द चुकून आला तर जीभ चावायच्या. आल्या आल्या मुलांच्या बाकावर बसल्या, खिचडी मागून खाल्ली, आणि ती चांगली आहे असं म्हणाल्या. एवढ्यावरून ही बाई मनाने सरळ आहे हे मला कळलं. खिचडीबद्दल खोटं बोलणारा माणूस वाईट नसतो.

शिक्षक किती परिणामकारक आहे हे त्या मोजणार होत्या. कितीतरी शाळांत हे चाललं होतं, त्यांत आमची एक. त्यांनी आम्हाला फळ्यावर समजावून सांगितलं. मुलाला जूनमध्ये किती येतं ते मोजायचं. मार्चमध्ये किती येतं ते मोजायचं. मधला फरक शिक्षकाचा.

मी विचारलं, “मॅडम, आमची निम्मी मुलं कोकणातली. गणपतीला गावी गेलेलं मूल कधी कधी नवरात्रात परत येतं. ते कसं धरणार?”

“ते दोन्ही तुकड्यांत सारखंच असणार ना, बाई. अशा गोष्टी एकमेकींना कापून जातात.”

सर माझ्या बाजूला पुटपुटले, “आमच्याकडे जाणारी एसटी कापून जाणा नाय, खड्ड्यांतसून जाता.” मॅडमना ते ऐकू गेलं नाही, हे बरं झालं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही वर्षानुवर्षं तोच वर्ग वर नेता, त्यामुळे मूल चांगलं आहे म्हणून शिक्षक चांगला दिसतो की शिक्षक चांगला म्हणून मूल, ते सांगता येत नाही. म्हणून कोणता वर्ग कोणाला द्यायचा ते यंदा सोडत काढून ठरवायचं. घरांची सोडत काढतात तशी. म्हणजे कोणाचा वशिला नाही, कोणाची आवड नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. दोन शिक्षकांची सोडत म्हणजे दोन चिठ्ठ्या. मोठ्या बाईंच्या डब्याच्या झाकणात त्या टाकल्या, मोठ्या बाईंनी डोळे मिटून एक उचलली, आणि माझी अ तुकडी सरांना गेली, सरांची ब मला आली.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघांनीही वाजवल्या, दुसऱ्याच्या हातात मिठाई गेल्यावर वाजवतात तशा.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली आणि सर मोठ्या बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. “बाई, ह्यांचो वर्ग माका नको. माझी पोरां माका व्हयी.” माझ्याकडे वळून म्हणाले, “राग मानू नका.” मी म्हटलं, राग कसला, मीही तेच सांगायला आले आहे.

मोठ्या बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. त्यांचा अर्धा जन्म बदल्यांच्या अर्जांत गेला होता. आमच्या नोकरीत एक सोय असते. मुलुंडच्या शिक्षकाची बदली अंधेरीला झाली आणि अंधेरीच्याची मुलुंडला, तर दोघं राजीखुशीने आपापसांत जागा बदलून घेतात. त्याला म्युच्युअल म्हणतात. सगळ्यांच्या सोयीचं, कोणाचं नुकसान नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, “मग करा की म्युच्युअल. कागदावर त्यांचं राहू दे, वर्गात आपलं राहू दे. बाई बिचारी एवढ्या लांबून येते, तिला कशाला दुखवायचं?”

त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. सोडत त्यांना हवी होती, ती झाली. वर्ग आम्हाला हवे होते, ते मिळाले. आम्ही दोघं इतके खूश झालो की सरांनी खालच्या गाडीवरून वडापाव आणले आणि मोठ्या बाईंना तिखट चटणी जास्त लागते हेसुद्धा लक्षात ठेवलं.

मॅडमच्या माणसांनी दाराबाहेर वर्गशिक्षकाच्या नावाच्या चकचकीत पाट्या लावल्या. वर्षभर मी सरांच्या नावाच्या पाटीखालून वर्गात शिरले आणि सर माझ्या. मुलांना पाट्या वाचता येत होत्या. ती काही बोलली नाहीत, कारण पाटीवर एक आणि आत दुसरंच, हे त्यांना घरापासून रेशनच्या दुकानापर्यंत सगळीकडे पाहून ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एकदा निरीक्षणाचा दिवस ठरला. दोन मुली येणार, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. एक अ मध्ये बसणार, एक ब मध्ये, आणि शिक्षक कसा शिकवतो त्याच्या खुणा करणार. त्यांचा आगाऊ फोन आला. मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. “एका तासाचा प्रश्न आहे. ज्याच्या नावाची पाटी तो आत.”

मी ब मध्ये गेले. मला त्या दिवशी घामच फुटला. भागाकार शिकवायचा होता, जो मी झोपेतही शिकवते. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं, नेहमीसारखा विनोद केला आणि कोणी हसलं नाही. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, पण मधूनमधून दाराकडे. सर हातवारे करत, गाणं म्हणत शिकवतात, ते मला कुठलं जमायला. पहिल्या बाकावरच्या एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “आमचे सर असं नाही करत.” आणि थोड्या वेळाने दुसऱ्याने विचारलं, “बाई, सर कधी येणार?” मागे बसलेल्या मुलीने टॅबवर काहीतरी टिपलं. मला तेव्हा एक गोष्ट समजली आणि ती समजून बरं वाटलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की शिकवणं माझ्याजवळ आहे, पर्समध्ये छत्री असते तसं, कुठेही काढून उघडता येईल. ते माझ्याजवळ नव्हतंच. ते शेजारच्या वर्गात होतं.

शेजारच्या वर्गात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सर घाबरलेले. माझी मुलं मात्र फॉर्मात. सरांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी गट केले, आपले आपण फळ्यापाशी जाऊन गणितं सोडवली, एकमेकांची तपासली. चार वर्षं मी तेच करून घेत होते. सरांना फक्त बाजूला उभं राहायचं होतं. पण काहीतरी करून दाखवावं म्हणून त्यांनी एक वजाबाकी स्वतः केली आणि हातचा विसरले. वर्गात सगळ्यांना ते दिसलं. कोणी बोललं नाही, कारण सर पाहुणे. पाहुण्याची चूक काढायची नाही हे त्यांना मीच शिकवलं होतं.

मी ब मध्ये फळ्याकडे तोंड करून उभी होते, तेवढ्यात कोणीतरी माझा पदर ओढला. वळून बघते तर माझी ती मुलगी. आपला वर्ग सोडून, व्हरांड्यातून चालत, एका निरीक्षकबाईच्या नाकासमोरून निघून दुसरीच्या नाकासमोर आली होती. तिने माझ्या कानाला हाताचा आडोसा केला.

“सर चुकले,” ती म्हणाली.

मला काय सुचलं कोण जाणे. मी तिच्या कानाशी वाकले. “मग सरांना सांग.”

“कानात?”

“नाही. मोठ्याने.”

ती गेली. मी मुलांना काहीतरी उतरवून घ्यायला सांगितलं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. आमच्या दोन वर्गांमधली भिंत पातळ आहे, पलीकडे कोण शिंकलं तेसुद्धा कळतं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक आवाज आला, घोगरा, माझ्या ओळखीचा नसलेला. कुजबुजणं ओळखीचं होतं, हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. “सर, हातचा विसरलात.”

माझ्या सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही भिंतीच्या अलीकडे वाजवल्या, ब ची मुलं माझ्याकडे बघत राहिली. मला रडू येत होतं आणि पाठीमागे टॅब चालू होता. पुढे कळलं ते असं, की अ मध्ये बसलेल्या मुलीने लिहिलं होतं, या शिक्षकाच्या वर्गात मुलं निर्भयपणे शिक्षकांना प्रश्न विचारतात. ब मध्ये बसलेलीने लिहिलं होतं, या शिक्षिकेचं वर्गावर नियंत्रण नाही, बाहेरची मुलं आत येतात.

मार्चची परीक्षा राहिली होती. एव्हाना सरांच्या वर्गावर एक संकट येऊन गेलं होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून नाल्याकडच्या झोपड्या उठवल्या आणि तिथली कुटुंबं पार चेंबूरपलीकडे माहुलच्या इमारतींत गेली. सरांच्या वर्गातली बरीच मुलं त्यांत होती. दिवाळीपासून ती शाळेत आलीच नाहीत. नाव आमच्याकडे, मूल माहुलला. शहाण्या माणसाने ती गैरहजर मांडून सोडून दिली असती. आमचे सर रविवारी माहुलला गेले, इमारतींचे मजले चढले-उतरले आणि आयांना हाता-पाया पडून सांगितलं, मोजायची परीक्षा आहे, पोरांचं वर्ष फुकट जायला नको. परीक्षेच्या दिवशी ती सगळी पोरं रिक्षांत कोंबून घेऊन आले. मुलं सरांना बघून इतकी खूश होती की पेपर लिहायला बसेनात. आणि लिहिणार तरी काय? दिवाळीपर्यंतचंच त्यांना येत होतं, त्यातलंही निम्मं माहुलला विसरून झालं होतं.

मॅडमच्या परीक्षेला वर्ष फुकट जाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, हे आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. जी मुलं परीक्षेला बसली ती सगळी मोजली गेली. ब तुकडीची वाट लागली. सरांनी पोरांवर एवढी माया केली ती सगळी माझ्या नावावर चढली.

आणि अ मधल्या माझ्या त्या मुलीने अनोळखी परीक्षकासमोर बसून आख्खा धडा मोठ्याने वाचून दाखवला. जूनच्या चाचणीत तिने तोंड न उघडल्यामुळे तिला वाचता येत नाही अशी नोंद झाली होती. शून्यावरून ती थेट वर गेली. तेही गेलं सरांच्या खात्यात.

मग ते पाकीट आलं. अ तुकडीचे शिक्षक अत्यंत परिणामकारक. ब तुकडीच्या शिक्षिकेला साहाय्याची गरज. मी मोठ्या बाईंचा चहा पूर्ण प्यायले, फुकटचा होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, दुसऱ्याची एंट्री आपल्या खात्यात आली तरी त्याला झोप लागत नाही. “उद्याच्या उद्या जाऊन सांग,” तो म्हणाला. “अगं, सरळ सरळ नावांची अदलाबदल आहे. तुझी सगळी नोकरी मातीत जातेय.”

“आणि मोठ्या बाईंना मेमो मिळाला तर?”

“मिळू दे. त्यांनीच घोळ घातलाय.”

मी चिडले. “आम्ही घातलाय. वडापाव मीही खाल्ला होता.” पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते मला जून उजाडेपर्यंत नीट कळलंही नव्हतं.

जूनमध्ये वरच्या कार्यालयातून आदेश आला. परिणामकारक ठरलेल्या शिक्षकांना वर्गातून मोकळं करून प्रशिक्षक म्हणून घ्यायचं, म्हणजे त्यांचं कौशल्य सगळ्यांना मिळेल. सरांना घाटकोपरच्या केंद्रावर पाठवलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आमच्याकडे कोणाच्या जागी कोणी येत नसतं. नव्या पहिलीच्या अ आणि ब, दोन्ही तुकड्या एकत्र करून एका शिक्षिकेला दिल्या. जिला साहाय्याची गरज होती तिला.

सर जाताना मला जिन्यात भेटले. चेहरा पडलेला. “बाई, मी त्या मॅडमका सगळा सांगतंय.”

“सांगितलंत तर काय होईल? तुम्ही वर्गात याल आणि ते मला उचलून घाटकोपरला नेतील.”

सर कठड्याला टेकले. आतून नव्या मुलांचा आरडाओरडा येत होता, त्यांतली निम्मी त्यांची असायला हवी होती. मेमध्ये त्यांनीच दारोदार फिरून आणलेली. “तुमची थोडी वर्सां रवली,” ते म्हणाले. “माझी खूप आसत. तुम्ही वर्गात रवा.” आणि उतरून गेले. हे आमचं दुसरं म्युच्युअल. याचा वडापाव झाला नाही.

मला कबूल करायला हवं, मी त्यांना थांबवलं नाही. मला ती पहिली हवी होती. चौथीपर्यंत न्यायला माझी नोकरी पुरणार नव्हती, पण दुसरीपर्यंत तरी.

पुढच्या महिन्यात मला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. साहाय्याची गरज असणारे आम्ही सगळे घाटकोपरच्या एका शाळेच्या सभागृहात बसलो. प्रशिक्षक कोण, ते सांगायला नकोच. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. “बाई, माका भिया वाटता. ‘माझा अनुभव’ म्हणून एक तास आसा. माझो अनुभव मी काय सांगू? तुमचो सांगा.”

मी सांगितला. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसून तो ऐकला. वर्गात न बोलणारी एक मुलगी, कानात सांगायचा नियम, मुलांना त्याचं काही न वाटणं, भिंतीपलीकडून आलेला आवाज. सर छान सांगत होते. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही आणि ती मोठ्याने बोलल्याचं सांगताना ते एकदम मालवणीत घसरले, ते खरं होतं. माझ्या शेजारी अंधेरीच्या एक बाई होत्या, त्याही कच्च्या. त्यांनी डोळे पुसले. “असे शिक्षक पाहिजेत हो.”

“पाहिजेतच,” मी म्हटलं.

चहाच्या वेळी मॅडम आल्या आणि नेमक्या माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी मला ओळखलं. फार हळुवार बोलत होत्या, आजाऱ्याशी बोलतात तसं. निकालाने वाईट वाटून घेऊ नका, म्हणाल्या. आकडा माणसाबद्दल नसतो. त्यांना खरंच माझं वाईट वाटत होतं आणि मला त्यांचं. तोंडावर आलं होतं सगळं. सांगून टाकलं असतं तर त्यांचा हिशोब सुधारला असता, एका शाळेपुरता का होईना.

“चांगल्या शिक्षकांना असं वर्गातून काढावं, हे मी कुठेही लिहिलेलं नाही,” त्या अचानक म्हणाल्या. “मी फक्त मोजलं.” मग काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, “सरांचा वर्ग आता कोणाकडे आहे?”

“माझ्याकडे.”

त्यांचं बिस्कीट चहात बुडलेलं होतं, ते तिथेच तुटलं. चमच्याने त्यांनी तो तुकडा काढला. मग त्यांनी विचारलं, “आजच्या प्रशिक्षणातून तुम्ही काय घेऊन जाल?”

“मुलाला कानात सांगू द्यायचं,” मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं.

मी परत शाळेत आले. दोन तुकड्यांची मुलं एका खोलीत, बसायला जागा नाही, खडूची पेटी पहिल्याच दिवशी कोणीतरी खाल्ली. मी आनंदात होते. मधल्या सुट्टीत पाचवीच्या बाई जिना उतरून माझ्याकडे आल्या, चेहरा त्रासलेला. माझीच ती मुलगी आता त्यांच्या वर्गात होती.

“काय गं ती पोरगी,” त्या म्हणाल्या. “तोंड म्हणून मिटत नाही. मला भर वर्गात म्हणते, बाई, तुम्ही चुकलात. कोणी लाडावून ठेवलंय हिला?”

“सरांनी,” मी म्हटलं. “अहवालात आहे.”